यम्माच्या डोंगरावरचं माझं नाव

२ एप्रिल, बुधवार

लेकीचा, तिझिरीचा, अल्जिअर्सहून फोन. पंधरा मेच्या गुरुवारी सुट्टी काढून जावयाला आणते म्हणाली. बेलाईदला यम्मा मिमूनाचा डोंगर चढायचा आहे. वरचा स्पॅनिश किल्ला बघायचा आहे. आणि किल्ल्यातल्या टाक्यापाशी दगडावर बाबानं तरुणपणी कोरलेलं नाव बघायचं आहे. फोटोसुद्धा काढणार.

अवश्य, म्हटलं. आवाज जराही हलला नाही.

इथे, आणि फक्त इथे, एक नोंद. ते नाव मी कोरलेलं नाही. खरं तर वर कधी गेलोच नाही. तिझिरी सहा वर्षांची असताना बोलण्याच्या ओघात तसं निघून गेलं, मग दरवर्षी थोडं थोडं वाढलं. पण कोरायचा विचार पक्का होता, त्यामुळे हे अगदीच खोटं म्हणता येणार नाही. राहिलं होतं ते फक्त चढणं, तेही जेमतेम सहाशे मीटर.

प्लॅन: सहा आठवड्यांत एकदा गुपचूप वर जायचं, नाव कोरायचं, त्यावर कॉफीचा गाळ चोळून ते जुनं करायचं, उतरायचं. सरावाला उद्या पहाटे पाचपासून सुरुवात.

३ एप्रिल

सात वाजता उठलो. चढाईआधी शरीराला पूर्ण विश्रांती लागते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

कॅफेत डोमिनोचे चार डाव. रेझकीकडे छिन्नी-हातोडी मागितली. तो निवृत्त गवंडी. कशाला हवी, म्हणाला. खिडकीची चौकट घासते, म्हटलं. तुझ्या खिडक्या अॅल्युमिनियमच्या आहेत, म्हणाला. या माणसाचा स्वभाव मुळातच संशयी.

९ एप्रिल

पहिली मोहीम. डांबरी रस्ता संपतो त्या झऱ्यापर्यंत बसने गेलो, कारण चढाईची ताकद सपाटीवर खर्च करणं शहाणपणाचं नाही. झऱ्यापाशी पिशवी उघडली तोच माकडांची टोळी आली. मोठ्या माकडानं भाकरी घेतली आणि उकडलेली अंडी माझ्यासमोर बसून सोलून खाल्ली. माझ्याकडे बघत, सावकाश. सुक्या अंजिरांकडे मात्र ढुंकून पाहिलं नाही. ती माझ्या बायकोच्या, फरूजाच्या, बहिणीनं दिलेली. 

शिधाच गेल्यामुळे मोहीम स्थगित. परतताना झाहवामावशी भेटली. चौऱ्याहत्तर वर्षांची, डोक्यावर रानबडीशेपेचा भारा, वरून उतरत होती. म्हणाली, अक्ली, वाट चुकलास का रे? कॅफे खाली राहिला.

१० एप्रिल

मांड्या दुखतात. म्हणजे व्यायाम लागू पडतो आहे.

निळा चौकडीचा सदरा सापडत नाही. चढाईला तोच घालणार होतो. फरूजाला विचारलं. फाटला होता, म्हणाली. अजिबात नव्हता. गेल्या वसंतात तपकिरी पट्ट्यांचा असाच गेला, त्याच्या आधी हिरवा. दर वर्षी एक. मला मेव्हण्याचा, तिच्या भावाचा, संशय आहे. त्याच्या अंगावर माझी कॉलर ओळखीन मी.

१९ एप्रिल

गेले नऊ दिवस चढाई नाही. कारणं: एक, समुद्रावरून दमट वारा. दोन, बूट चावतात. तीन, रेझकीनं डोमिनोत सलग सहा वेळा हरवलं आणि असं अर्धवट सोडून उठणं पुरुषाला शोभत नाही.

फरूजा कपडे धुता धुता म्हणाली, रोज चढायचा सराव करता म्हणता, पण सदऱ्याला घामाचा एक डाग नाही. तिला समजावलं की कसलेल्या शरीराला घाम कमी येतो. बरं, म्हणाली. आमच्या घरात तिचं बरं फार वेळा ऐकू येतं.

२७ एप्रिल

दुसरी मोहीम. ही बरीच यशस्वी. जवळजवळ निम्म्यापर्यंत पोचलो. तिथून समुद्र दिसला, बंदर दिसलं, आमच्या गोदामाचं छप्परसुद्धा दिसलं, जिथे मी एकतीस वर्षं खतावण्या लिहिल्या. मग चुकून थेट खाली पाहिलं. उतरताना बहुतेक वाट बसूनच केली. विजारीचं बूड गेलं. छिन्नी शाबूत.

पण हिंमत खचलेली नाही. सव्वीस वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलो होतो. डॉक्टरांनी फरूजाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता काही खरं नाही. त्यातून उठलो तो कशाच्या जोरावर? निव्वळ मनोबल. बाहेरची कसलीही मदत नाही. त्या माणसाला एक डोंगर काय अडवणार?

८ मे

एक आठवडा राहिला. सुधारित प्लॅन: आधी वेगळं चढायची गरजच नाही. पंधराला सगळ्यांच्या दोन तास पुढे निघायचं. ते येईपर्यंत नाव तयार. अक्ली, रोमन लिपीत जेमतेम चार अक्षरांचा प्रश्न. आईबापांनी नाव लहान ठेवलं याबद्दल त्यांचा आभारी आहे.

फरूजाला म्हटलं, तू घरीच थांब, तुझे गुडघे तिथवर यायचे नाहीत. त्या दिवशी आम्हा बायकांचं जाणं असतं, दरवर्षीसारखं, म्हणाली. कुठे ते मी विचारलं नाही. बायकांच्या भानगडीत मी नाक खुपसत नाही. लग्नापासूनचं तत्त्व आहे.

१४ मे

मुलं आली. बेलाईदच्या पोटऱ्या पाहिल्या. त्या पोटऱ्या नव्हेत, खांब आहेत. अल्जिअर्समध्ये दर शुक्रवारी डोंगर चढतो म्हणे. जेवताना म्हणाला, बाबा, त्या काळी दोराशिवाय चढलात? कुसकुस गार होतंय, आधी जेव, म्हटलं. तिझिरी माझ्याकडे बघून हसली. लहानपणापासून तिला माझा अभिमान आहे. उद्या तो तिच्या नवऱ्यासमोर जाऊ नये, एवढंच मागणं. बाकी पाय गेले तरी चालतील.

१५ मे, सकाळी सव्वापाच

निघालो. पाणी, टॉवेलमध्ये गुंडाळलेली छिन्नी-हातोडी, कॉफीच्या गाळाची पुडी. करड्या रंगाचा सदरा. जिंकल्यासारखं वाटतं आहे.

१५ मे, साडेसात

दुसरं वळण. दगडावर बसून लिहितो आहे. ही विश्रांती ठरलेलीच होती.

खालून गाण्याचा आवाज. बायका! तीसेक तरी असतील, डोक्यावर टोपल्या, पायांत घरातल्याच सपाता. पुढे झाहवामावशी. मधे फरूजा. माझी फरूजा. डोक्यावर भाकरीची टोपली, एका हातात ताकाची बरणी. माझ्यापाशी क्षणभर थांबली. अहो, पाणी आणलंय ना, म्हणाली आणि पुढे गेली. गाणं मधे तुटलंसुद्धा नाही.

१५ मे, आठ वाजून दहा

बेलाईद आणि तिझिरी पुढे गेली. त्यांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी देखावा बघतो.

१५ मे, संध्याकाळी सहा, घरी

जसं घडलं तसं लिहितो. आता कुणापासून काय लपवायचं?

साडेदहाला वर पोचलो. सर्वांत शेवटी. टाक्यापाशी तिझिरी नवऱ्याला एक दगड दाखवत होती. हा बघ, इथे होतं बाबाचं नाव, पावसानं पुसलं. बेलाईदनं त्या कोऱ्या दगडाचा फोटो काढला, अगदी आदरानं.

मी तिला बाजूला घेतलं. तुला कसं माहीत, विचारलं. ती म्हणाली, बाबा, मी आठ वर्षांची असल्यापासून लग्नापर्यंत दर मेमध्ये आईबरोबर इथे येत होते. पहिल्या वर्षी सगळे दगड धुंडाळले आणि रडत बसले. आई म्हणाली, पावसानं पुसलं असेल, पण बाबाला सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल.

एकोणीस वर्षं माझ्या मुलीनं मला वाईट वाटू दिलं नाही.

पाणी काढायला म्हणून तिनं माझी पिशवी उघडली. छिन्नी दिसली. तिनं टॉवेल नीट गुंडाळून पुन्हा ठेवला. ते काय आहे, बेलाईदनं विचारलं. बाबा वजन घेऊन चढतात, म्हणाली.

डोंगर जिच्या नावाचा त्या संत यम्माच्या समाधीशेजारी एक बुटकं ओकचं झाड आहे. त्याच्या फांद्यांना चिंध्या बांधलेल्या, शेकड्यांनी. फरूजा टाचा उंचावून एक पट्टी बांधत होती. निळी, चौकडीची. त्याच फांदीवर तपकिरी पट्ट्यांची. मग हिरवी. मग फिकट झालेली पिवळी, माझ्या बढतीच्या वर्षीची. त्यापुढच्या उन्हानं पार पांढऱ्या पडलेल्या. मेव्हण्याची मी मनोमन माफी मागितली.

झाहवामावशी शेजारी भाकरी मोडत होती. म्हणाली, गावातल्या नवऱ्यांपैकी या दिवशी वर आलेला तूच पहिला रे. तू छातीनं पडला होतास तेव्हा ही पहिल्यांदा चढली, वर्षाची पोर पाठीला बांधून. हा जगला तर जगेल तोवर दरवर्षी येईन, असा नवस बोलली यम्माला. ज्याच्यासाठी मागायचं त्याच्या अंगावरचं कापड लागतं, तेही घामाचं. तुझ्या सदऱ्यांना घाम कुठला? बिचारी उन्हाळ्यात तुझ्या बगलांवर लक्ष ठेवून असते.

सगळ्या बायका हसल्या. फरूजासुद्धा.

मला रडू आलं. वारा नव्हता, धूळ नव्हती, तेव्हा दुसरं काही कारण लिहीत नाही. मनोबलाबद्दल वर जे लिहिलं आहे ते खोडावं लागेल.

उतरताना पिशवी फरूजानं घेतली, छिन्नीसकट. इतकं जड काय आहे, असं तिनं विचारलं नाही. बरं झालं.

१६ मे, शुक्रवार

उठता येत नाही. मुलं सकाळच्या बसने गेली. रेझकी येऊन छिन्नी घेऊन गेला. घासली का चौकट, म्हणाला. नाही, म्हटलं.

नवा निश्चय: पुढच्या वर्षी फरूजाबरोबर निघायचं, तिची टोपली आपण घ्यायची. निदान झऱ्यापर्यंत.

दुपारी तिला हाक मारली. कपाटातला नवा पांढरा सदरा घे म्हटलं, पुढच्या मेसाठी, हवा तर आत्ताच फाड. ती म्हणाली, नव्याचा काय उपयोग? मग कालचा करडा घे, म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा त्यात खरा घाम आहे.

फरूजा म्हणाली, तो मी काल तुम्ही झोपल्यावरच बाजूला काढून ठेवलाय. धुतलेला नाही.