आईच्या बॉबिनचं मशीन

बाबा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून मी बोलत नाही. लिहिते आहे.

मी सातवीत होते. मामांनी नागपूरहून प्लास्टिकच्या ब्लॉक्सची एक थैली आणली होती, कुणाच्या तरी मुलांनी खेळून टाकलेली. अर्धे तुकडे एका खेळण्याचे, अर्धे दुसऱ्याचे, वर काही दातेरी चाकं आणि दांड्या. रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यातल्या आपल्या घरात मी जमिनीवर ते पसरून बसले, की तुम्ही ऑफिसातून येऊन पायानं बाजूला सारायचात. "काहून पसारा करून राहिली? घर बांधायचं असंल तं स्वैपाकघरात जा, मायला मदत कर." तुम्हाला वाटायचं मी घर बांधते आहे. घर मी कधीच बांधलं नाही. आई जवळच्या तात्यापाऱ्यातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची आणि तिच्या मशीनची बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, भरायची चकती तुटली होती. ती बोटांनी दोरा गुंडाळत बसे. मी मोठ्या चाकाला हँडल लावलं, त्याला छोटं चाक जोडलं, छोट्या चाकाच्या दांडीवर बॉबिन बसवली. हँडल एकदा फिरवलं की बॉबिन पाचदा फिरे. दोरा एकाच जागी साचू लागला, तेव्हा त्याला इकडून तिकडे नेणारा एक हातही बनवला. त्याला पंधरा दिवस लागले. आईनं पहिली बॉबिन भरली, उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, "बाप्पा! दुकानातल्यासारखी भरली पोट्टीच्या मशीननं." त्यानंतर ते मशीन आईचं झालं.

राज्य नवं झालं होतं. रायपूर राजधानी झाली म्हणून सदर बाजारात सगळे खूश होते आणि तुम्ही मात्र घाबरलेले, कारण ऑफिसात बदल्यांची यादी बनत होती आणि तुमचं नाव लांबच्या जगदलपूरला लागणार अशी कुजबुज होती. साहेबांच्या मुलीचा वाढदिवस आला. तुम्ही घरभर नजर फिरवली आणि मशीन उचललं. आई म्हणाली, "अहो, ते माह्या कामाचं आहे. पोरीनं बनवलं." तुम्ही म्हणालात, "दुसरं बनवंल ते पोट्टी. बाजारात भेटत नाही अशी चीज आहे, साहेब लक्षात ठेवतीन." मला विचारलं नाही. मला सोबत नेलं, ते स्कूटरवर मागे बसून मशीन मांडीवर धरायला कुणीतरी हवं होतं म्हणून.

बंगल्यात चपला बाहेर काढून आपण गालिच्यावर गेलो. साहेबांनी हँडल फिरवलं, हसले. "अरे वाह! किसने बनाया?" मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडे न पाहता म्हणालात, "जी सर, मैंने. थोड़ा शौक है." इतक्या सहज म्हणालात! साहेबांच्या मुलीनं मग हँडल जोरात उलटं फिरवलं आणि दांडी निसटली. दांडीला जागेवर धरणारी एक छोटी करडी कडी घरंगळत माझ्याकडे आली. मी तिच्यावर पाय ठेवला.

"ठीक कर दीजिए," साहेब म्हणाले. तुम्ही गुडघ्यांवर बसलात. दांडी घालत होतात, ती बाहेर येत होती. चाक उलटं लावलंत, सुलटं लावलंत. घाम आला. पाहुणे बघत होते, कुणीतरी हसलं. एकदा तुम्ही मान वर करून माझ्याकडे पाहिलं. कडीची धार तळव्यात रुतत होती. मी पाय हलवला नाही. शेवटी साहेब म्हणाले, "छोड़िए, रहने दीजिए," आणि नोकरानं ते सगळे तुकडे ट्रेमध्ये भरून आत नेले.

घरी आल्यावर आईला म्हणालात, "पोट्टीनं कच्चं बनवलं होतं. चार लोकांत माही इज्जत घालवली." साहेबांसमोर ते तुम्ही बनवलेलं होतं. मोडलं तेव्हा माझं झालं. हे मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही, बाबा. आणि ते कच्चं नव्हतं हे मला तिथेच ओरडून सांगता आलं नाही, कारण सांगायचं तर कडीचंही सांगावं लागलं असतं.

यादीत तुमचं नाव जगदलपूरला लागलं. ते त्या दिवसामुळे की आधीच ठरलं होतं, मला ठाऊक नाही. तुम्ही तिकडे एका खोलीत राहिलात, स्वतःच्या हातानं जेवण बनवलंत, सणाला येत गेलात, माझ्याशी जेमतेम बोलत गेलात. चौथ्या वर्षी तिथेच तुमचं हृदय बंद पडलं.

मी आता पॅकिंगची मशिनं डिझाइन करते. ऑफिसातली मुलं विचारतात, "दीदी, आपने शुरू कैसे किया?" मी हीच गोष्ट सांगते. बापानं मुलीचं मशीन स्वतःचं म्हणून सांगितलं आणि त्याला ते जोडता आलं नाही, असं म्हटलं की सगळे हसतात. पायाचं मी सांगत नाही.

हे आईला वाचून दाखवावं म्हणून लिहायला घेतलं होतं. ती आत ब्लाऊजला हुक लावून राहिली आहे. तिला अजून वाटतं की माझं मशीन कच्चं होतं. नाही दाखवत. वाटू दे.