थंडी पडल्यावर वाघी, सरकी आणि चांदीची सोय

मी, मथुराबाई उकंडा मुनेश्वर, वय अदमासे एकाहत्तर, राहणार मुकुटबन, तालुका झरी जामणी, आज ओसरीत उन्हाला पाठ देऊन हे मृत्युपत्र सांगत आहे. डोकं ठिकाणावर आहे, कोणी भरीस घातलेलं नाही. लिहून घेत आहेत अंगणवाडीच्या शीलाताई. कायद्याचे शब्द त्यांचे. माणसांचं बोलणं जसंच्या तसं ठेवायला मी सांगितलं आहे.

१. राहतं घर व मागचं आवार मुलगा प्रफुल्ल, सध्या मुक्काम यवतमाळ, याला द्यावं. पाण्याचा पितळी गुंड आणि चांदीच्या पाटल्या केळापूरला दिलेली मुलगी पायल हिला.

२. दसरा होऊन गेला. पहाटे धुकं अंगणात येऊन बसतं, आणि अर्धवट जागेपणी घर जमिनीवरून थोडं उचललं गेल्यासारखं वाटतं. तेव्हा मी जनावरांचे श्वास ऐकते. आधी शेळीचा, मग कुत्रीचा. मांजरीचा ऐकू येत नाही, पोटावर हात ठेवावा लागतो. माझ्यामागे हे कोणीतरी करावं.

शेळी चांदी पायलकडे जाईल. माझे कालकथित पती उकंडा यांचा तपकिरी स्वेटरही चांदीचाच. पुढचे पाय बाह्यांतून घालावेत. लोक हसतील, हसू द्यावं.

मांजर सरकी घराची आहे, ती घरासोबत प्रफुल्लकडे. थंडीत ती चुलीतल्या कोमट राखेत झोपते. पेटवण्याआधी हात घालून पाहावं.

३. कुत्री वाघी शेजारचे भावसिंग राठोड यांना. त्यांनी वाघीला काठी मारली होती म्हणून चार वर्षं मी त्यांच्याशी बोलले नाही. गेल्या कार्तिकात मी पाच दिवस दवाखान्यात होते. परत आले तर वाघी त्यांच्या ओसरीत दुहेरी बारदानावर झोपलेली. मी काही विचारण्याआधीच ते म्हणाले, "बाई, भांडन तुमचं माह्यं. थंडी तं सगळ्यायलेच वाजते." आता म्हातारी झाली आहे ती. भाकर कोमट वरणात कुस्करून द्यावी, आणि सिमेंटवर निजू देऊ नये.

४. हे कलम प्रफुल्लसाठी.

दोन वर्षांपूर्वी कापसाला भाव नव्हता, म्हणून पुढची खोली आढ्याला हात लागेल इतकी कापसाने भरली होती. आम्ही त्यावरच निजायचो. कूस वळवली की सगळं घर आपल्यासोबत वळायचं. कोपऱ्यात सरकीने चार पिल्लं घातली. तिसऱ्या दिवशी प्रफुल्ल मेटॅडोर घेऊन आला. त्याचे वडील दारात आडवे उभे राहिले.

"पिलायचे डोये उघडू दे."

"बाबा, मांजरीसाठी कापूस थांबवते काय कोनी?"

"मी थांबवून राह्यलो."

गाडी रिकामी गेली. पुढच्या आठवड्यात भाव आणखी पडला. "तुमाले पोरापेक्षा मांजर मोठी," असं म्हणून प्रफुल्ल यवतमाळला गेला, ऑटो चालवू लागला. त्याच माघात वडील गेले. तो आला, लांब उभा राहिला, आणि पाणीही न घेता परत गेला.

प्रफुल्ल, त्यांना मी उभं केलं होतं. ते म्हणत होते, "पोराचं आयकू, पिल्लं टोपल्यात ठेवू." मी म्हटलं, थंडीनं मरतीन. ते उठले आणि दारात गेले. मी चुलीपाशी बसून तुमचं भांडण ऐकत राहिले. तू गेलास तेव्हा बोलले नाही. त्यांनी तुझी वाट पाहिली, तेव्हाही बोलले नाही. त्यांनीही माझं नाव कधी सांगितलं नाही.

पिल्लं वाचली, त्याचा मला पश्चात्ताप नाही. गप्प राहिल्याचा आहे. तरी वडिलांवरचा तुझा सगळा राग या कलमान्वये माझ्या नावे व्हावा. त्यात दुसऱ्या कोणाचा हिस्सा नाही.

५. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. हे तसं ठेवायचं नाही. शीलाताई याची एक प्रत आजच्याच एसटीने यवतमाळला नेऊन प्रफुल्लच्या हातात देतील. त्याला जे म्हणायचं असेल, ते त्यानं मी जिवंत असताना मला म्हणावं.

वाचून दाखवलं, ऐकलं, बरोबर आहे.

मथुराबाई उकंडा मुनेश्वर (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार: शीला गेडाम, अंगणवाडी सेविका (सही)
सेवादास जाधव, शेती (सही)

मुकुटबन, दिनांक २९ ऑक्टोबर २००६