बिजागरी

३ जानेवारी
भिंगरीला पुढून काढलं! माझ्या पोरीला! फुटबॉलच्या संघात सगळ्यात जास्त गोल तिचे — आणि प्रशिक्षक बाई म्हणतात, आता ती बचावफळीच्या पुढे खेळेल. म्हणजे काय, रखवालदार? भांडायला गेलो. "काका, आधी सामने बघा, मग भांडा." मला सांगतात! सुतारकाम मी कुणाकडे शिकलो नाही. बघून बघून शिकलो. हेही बघतो.

भिंगरीच्या आईचं मत भिंगरीमार्फतच आलं — "बाबांना सांग, पोरीचं पोरीला बघू दे." स्वयंपाकघरातल्या कपाटाला अजून दार नाही, यावरून बिनसलं तेव्हापासून आमचं दोघांचं बोलणं असंच, व्हाया भिंगरी. सुताराच्या घरात बिनदाराचं कपाट! असो.

९ जानेवारी
बघितले. रंधा बाजूला ठेवून टीव्हीवर सामने बघितले. अरे, बचावफळीच्या पुढे खेळणारा हा गडी तर राजा माणूस! उगाच धावत नाही, सरकतो. समोरचा पास द्यायला मान वर करतो — तर वाटेत हा आधीच उभा! चेंडू काढून घेतला की लगेच पुढच्याला. टाळ्या मात्र दुसऱ्याला. या जागेला मी नाव ठेवलं — अडसर. दारामागचा आडवा दांडा! कितीही ढकला, दार उघडायचं नाही. पॉलिशवाल्याला सांगितलं. म्हणाला, "मालक, ते टेबल कधी देताय?" अरसिक!

१६ जानेवारी
उपांत्य सामना जिंकलो! कुंपणाशी उभा राहून गळा फाडला — "अडसर! अडसर!" सगळे माझ्यामागून ओरडायला लागले. समोरच्या संघाचे तर जास्तच जोरात. काय दाद!

१७ जानेवारी
भिंगरी फुगली आहे. "बाबा, दारामागचा दांडा आता कुणाच्या घरात असतो? अडसर म्हणजे अडथळा! अख्खं मैदान मला अडथळा म्हणत होतं!" अंतिम सामन्याला यायचं नाही, अशी ताकीद. मोठ्या संघाची निवड करणारे तिथे येणार आहेत. "आणि मी नुसती अडवत नाही. खेळ माझ्यावरून फिरतो. ते तुम्हाला दिसतच नाही."
मला! दिसत नाही!

२० जानेवारी
दवाखान्यात दार बसवत होतो. वरची बिजागरी सूतभर बाहेर, दार घासत होतं. नीट बसवली, बोटानं ढकललं — हवेसारखं फिरलं! पेचकस हातात तसाच राहिला. अडसर नव्हे रे गाढवा, बिजागरी! बचाव म्हणजे चौकट, हल्ला म्हणजे दार, आणि मधे ही. नीट बसली तर कुणाचं लक्ष जात नाही. करकरली की सगळ्यांना ऐकू येते. डॉक्टर धावत आले, "काय लागलं?" म्हटलं, "लागलं नाही, सापडलं!"

घरी सांगितलं. भिंगरी ओठ दाबून हसली. "हे बरंय. या तुम्ही. पण तोंड उघडायचं नाही."

२४ जानेवारी
गेलो. ओठात खिळे धरल्यासारखा गप्प. एक-शून्य! गोल दुसरीनं मारला, पण चेंडू फिरला कुणावरून? मागून आला, भिंगरीनं एका पायावर वळून थेट डाव्या कडेला धाडला — दार सताड उघडं! सगळ्या गोलवालीला उचलायला धावल्या. मी भिंगरीकडेच बघत होतो. शेजारी कुणीतरी नाक ओढलं. बघतो तर — ही! केव्हा आली? दोघं बोलायला आतुर, आणि भिंगरी येईपर्यंत मुके उभे!

२५ जानेवारी
निवड झाली! झाली! झाली!

२९ जानेवारी
भिंगरी सकाळी शिबिराला गेली. जेवायला बसलो. मीठ माझ्याकडे. हिनं सवयीनं रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, थांबली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, मधे आता कुणी नाही. थेट पास द्या."
मीठ दिलं. हात धुतले आणि कपाटाचं माप घ्यायला बसलो.