घराकडची खिडकी

१४ मार्च, सकाळ

प्रिय ताई,

सप्रेम सलाम. तू आणि भाऊजी ठीक असाल, आणि आईचे गुडघे ठीक नसले तरी गुडघ्यांवरचं तिचं भाषण ठणठणीत असेल, असं धरून चालते.

हे पत्र हातात घेशील तेव्हा कागद जरा कडक लागेल. पाकिटात घालण्याआधी मी तो दिवसभर उन्हात ठेवणार आहे, वर दगड ठेवून. तुझ्या मेहुण्यांना, म्हणजे आमच्या डॉक्टरांना, हे कळलं तर ते हसतील. कागदातून काही जात नाही, असं ते सांगतील, आणि ते खरंही आहे. तरी ठेवणार. डॉक्टरांचं शास्त्र डॉक्टरांपाशी.

इकडची खबर म्हणजे मिशनच्या मंडळाकडून परवा पुन्हा दानाची पेटी आली. गेल्या खेपेला एका पायाचे बूट होते, यंदा नेकटाय. ढीगभर. आमच्या वॉर्डात क्षयाचे रोगी, निम्म्यांच्या अंगात धड सदरा नाही, आणि देणाऱ्याला वाटलं की यांच्या गळ्यात टाय हवा. आमच्या शिंपिणीने ते सगळे उसवले आणि मास्कना नाड्या लावल्या. आता डॉक्टर राउंडला निघतात ते दोन्ही कानांमागे निळे-तांबडे पट्टे मिरवत. सर्कशीतून सुटून आल्यासारखे दिसतात. पेटीबरोबर मंडळाच्या सेक्रेटरींचं पत्रही होतं : वार्षिक अंकासाठी कुटुंबाचा एक हसरा फोटो पाठवा, शक्यतो एकत्र.

तो 'एकत्र' जरा अवघड आहे.

ठकी मजेत आहे. उंच झाली आहे, दात वेडेवाकडे आले आहेत, आणि उलट उत्तरं देण्यात थेट तुझ्यावर गेली आहे. तिच्याबद्दलच लिहायचं आहे, पण जरा थांब.

मला आता स्वतंत्र खोली मिळाली आहे. आपण दोघी एका पलंगावर वाढलो, तुझे पाय माझ्या तोंडाशी आणि माझे तुझ्या. तेव्हापासून मी देवाकडे स्वतंत्र खोली मागत होते. देव मागणं ऐकतो, फक्त तारीख स्वतःच्या सोयीने धरतो. व्हरांड्याच्या टोकाला जिथे आम्ही धुतलेली बँडेजं वाळत घालायचो, तिथे मधे भिंत घालून खोली केली आहे. लोखंडी खाट, टेबल, खुर्ची, झाकणाची बादली. अंगणाकडच्या तिन्ही खिडक्या दिवसरात्र उघड्या. चौथी खिडकी घराकडची, आमच्या जेवणघरात उघडणारी. ती कायम बंद. फटींना चिकटपट्टी लावलेली, ठकीने लावलेली म्हणून वाकडी.

त्या काचेला मी माझं टेबल लावलं आहे, पलीकडून त्यांचं जेवणाचं टेबल लावलेलं आहे. माझं ताट बाहेरच्या स्टुलावर येतं. एकाच वेळी आम्ही तिघं डोळे मिटून प्रार्थना करतो आणि जेवतो. बाप-लेक मीठ कुणी जास्त घातलं यावर भांडतात, आणि मी बघते. आवाज नसलेला सिनेमा, तिकीट फुकट.

आता तरी तुला कळलं असेल. तू हुशार आहेस, आणि मी हे एवढं गोल गोल का फिरतेय, हेही तू ओळखलं असशील. ताई, मला क्षय झाला आहे. साधा नाही. नेहमीच्या औषधांना जुमानत नाही, त्या जातीचा.

आमच्या घरातली गंमत ऐक. डॉक्टर दिवसभर परक्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावतात. मी नर्स, रांगेत नुसतं खोकणं ऐकून कुणाला आधी आत घ्यायचं ते ठरवते. आणि माझा खोकला गेल्या वर्षी सगळा हिवाळाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर बसला होता. त्यांना वाटलं, हिने स्वतःचं तपासलं असेल. मला वाटलं, काही असतं तर हे बोलले असते. ठकीने तर त्याला 'आईचा पूर्णविराम' असं नाव ठेवलं होतं, कारण मी प्रत्येक वाक्यानंतर खोकायची. आम्ही हसायचो. स्वयंपाकीण नाहीतर माळी असा खोकत असता तर आठवड्यात छातीची फिल्म काढून मोकळे झालो असतो.

कुठून आला, हे डॉक्टरांच्या मते सांगता येत नाही. मला सांगता येतं. ती शिंपीण, टायवाली. तिला आधी एकदा हाच आजार झाला होता, तेव्हा इंजेक्शनांनी तिचे कान नेले. तो उलटल्यावर पुन्हा आमच्याकडे आली तेव्हा ती ठार बहिरी होती आणि माणसांचे ओठ बघून बोलणं ओळखायची. मास्क लावलेली नर्स म्हणजे तिच्या लेखी मुकी नर्स. कुठली गोळी कधी, काय झालं तर धावत यायचं, हे तिला समजायला तर हवं. म्हणून रोज तिच्यासमोर बसून मी मास्क खाली ओढायची आणि सावकाश बोलायची. ती बरी झाली. कान देऊन फुप्फुसं परत घेतली म्हण. मला तिचा राग येत नाही. आणून बघितला, टिकला नाही. पुन्हा ती वेळ आली तर मी खिडकीपाशी, वाऱ्यात बसून मास्क ओढेन. एवढी अक्कल आली आहे.

सहा महिने फोन डॉक्टरच करतात आणि 'ती कामात आहे' म्हणतात, त्याचंही कारण कळलं ना? मलाही तीच इंजेक्शनं होती. डाव्या कानात आता फक्त शिट्टी वाजते, उजव्यात कुणीतरी उशी कोंबल्यासारखं आहे. मागच्या महिन्यात ती इंजेक्शनं बंद केली. कान गेले ते गेलेच, पण थुंकीचा नमुना अजून खराबच येतोय. एक नवं औषध मागवलं आहे. "येईल," म्हणतात डॉक्टर. रोग्यांच्या नातेवाइकांना ते ज्या चेहऱ्याने 'येईल' म्हणतात, तो चेहरा मी इतकी वर्षं शेजारी उभी राहून बघितला आहे. माझ्यासमोर तरी त्यांनी दुसरा लावायचा होता.

आता ठकी. तिची तपासणी झाली, फिल्म स्वच्छ आहे. पुन्हा वाच : स्वच्छ आहे. आमच्याकडची दुसरी नर्स पुढच्या महिन्यात रजेवर घरी निघाली आहे, तिच्याबरोबर ठकीला तुझ्याकडे पाठवायचं आहे. हे घर काही मुलीने राहण्याची जागा नाही. मला या अवस्थेत कुठलं विमान घेणार नाही, आणि मला सोडून डॉक्टर हलणार नाहीत, वॉर्डात दुसरा डॉक्टरही नाही.

मला आठवतंय, आम्ही निघालो त्या दिवशी तू म्हणाली होतीस, "तिकडे आजारी माणसं आहेत म्हणून चाललीस, इकडची काय कसरत करताहेत का? उद्या पोरीचं काही झालं तर माझ्या दारात येऊ नकोस." मी येत नाही, ताई. तीच येते.

१६ मार्च

परवा इथे थांबले, कारण पुढे लिहायचं होतं : 'तिला चांगल्या शाळेसाठी पाठवतोय असं सांगणार आहोत, तूही तेच सांग.' तेवढंच लिहायचं राहिलं होतं, ते काल आपोआप खोडलं गेलं.

शिंपीण रोज दुपारी जेवणघरात शिवायला बसते. काचेतून तिचं माझं छान जमतं, काचेला मास्क लागत नाही. ते बघून ठकीने तिच्या मागे लकडा लावला, मलाही शिकव. शिंपिणीने तिला शिकवलं : आवाज गिळून बोलायचं, घाई करायची नाही, जबड्याकडे बघायचं. पहिले काही दिवस नुसता गोंधळ. 'बाबा' आणि 'मामा' ओठांवर सारखेच दिसतात, त्यामुळे डॉक्टरांना फुकट एक नातं जास्त मिळालं. आता माझी पोरगी सरावली आहे. शाळेतून आली की दप्तर टाकते, काचेला नाक लावते आणि आवाज न काढता अख्खा दिवस सांगते. मास्तरांची नक्कलसुद्धा. मीही तिचं ओळखायला शिकले, डॉक्टरांचंही.

काल जेवण झाल्यावर डॉक्टर काचेपाशी आले. ठकी आत भांडी ठेवत होती, असं आम्ही धरलं.

"तिला काय सांगायचं?" ते म्हणाले.

"शाळेचं सांगू."

"आणि परत कधी आणायचं?"

"मी असेपर्यंत नाही," मी म्हणाले. "मी गेल्यावर तुम्हीच जा तिच्याकडे."

ते चष्मा पुसायला बाजूला वळले, आणि त्यांच्या मागे कपाटाशी ठकी उभी होती. हातात धुतलेले चमचे. माझ्या तोंडाकडे बघत होती.

रडली नाही. चमचे खणात ठेवले, खण नीट लावला, बापाला हाताने बाजूला सारलं आणि काचेपाशी आली.

"शाळेचं खोटं आहे," ओठांनीच म्हणाली.

"हो."

"मावशीकडे दूध प्यावंच लागतं का?"

"लागतं."

"सायीसकट?"

"साय काढायला सांगते."

जरा वेळ तिच्या श्वासाने काच धुरकट झाली. तिने बाहीने पुसली.

"तू मेलीस तर मला कोण सांगणार?"

"बाबा मावशीला फोन करतील."

"म्हणजे मावशी सांगणार." तिने मान हलवली. "ती पाठ फिरवून सांगेल. मोठी माणसं असलं काही सांगताना पाठ फिरवतात. मग ओठ दिसत नाहीत."

ताई, मी तिला हे कधीच सांगितलेलं नव्हतं. आपले बाबा गेल्याचं तू मला सांगितलंस ते मोरीत भांडी घासताना, पाठमोरी. पातेलं घासत राहिलीस आणि म्हणालीस, "बाबा गेले." मी दारात उभी होते. किती दिवस मला वाटत राहिलं की पाण्याच्या आवाजात मी काहीतरी वेगळंच ऐकलं. दोष देत नाही. तेव्हा तुझं तोंड बघवलं नसतं मला, आणि तुलाही ते दाखवता आलं नसतं.

पण आता मागते आहे. घरात घे तिला, दूध पाज, साय काढ. पोरगी हट्टी आहे, दोन धपाटे घातलेस तरी चालेल. स्वयंपाकघरात तू आणि भाऊजी माझ्याबद्दल कुजबुजाल, तेव्हा लक्षात ठेवा, तिला खोलीच्या त्या टोकावरून कळतं. आणि फोन येईल त्या दिवशी हातातलं काम खाली ठेव. तिला उजेडात समोर बसव. तिचे कान चांगले आहेत, पण नुसत्या आवाजावर ती आता विश्वास ठेवत नाही. तेव्हा घाई करू नकोस. रडू आलं तर येऊ दे, पण ओठ झाकू नकोस. एकदाच सांग, नीट सांग.

नर्सचं तिकीट निघायच्या आत तुझं उत्तर येऊ दे. 'हो' एवढंच लिहिलंस तरी पुरे. मागच्या भांडणाचं राहिलेलं तू मला नंतर सुनाव, मला आता ऐकू येत नाही, तुला हवं तितकं बोलता येईल.

कागद उन्हात ठेवते.

तुझ्याकडे तोंड करून बसलेली,
तुझी धाकटी