तिसरं वल्हं उशिरा

३ नोव्हेंबर २०१७
बरगीत पोचले एकदाची! खोली धरणाच्या पाण्याला लागूनच. घरमालकीण कलावतीबाई भंडाऱ्याकडच्या. या हिंदी मुलखात माझी मराठी ऐकली, आधी पोहे दिले, मग नाव विचारलं. काम मजेचं आहे. पाण्यात सोडलेला मायक्रोफोन नावेच्या इंजिनाचे ठोके ऐकतो, माझ्या सर्किट-बोर्डावरचा टायमर दोन ठोक्यांमधला वेळ मोजतो. त्यावरून सेकंदाला किती ठोके ते निघतं. बंदीच्या भागात मोटरबोट शिरली की कळणार.

६ नोव्हेंबर
इंजिनाचे ठोके सेकंदाला तीसेक, छान मोजले जातात. दुपारी मात्र भलतंच. एक ठोका, तीन सेकंदांनी दुसरा, तिसरा जरा उशिरा. परत तसंच. पाण्यावर कोणी नाही. वायर बदलली, बोर्ड बदलला. तेच.

७ नोव्हेंबर
कलावतीबाईंना सहज सांगितलं. त्यांनी विचारलं, तिसरा उशिरा येते का? हे मी बोललेच नव्हते. त्यांचे यजमान बळीराम मासे धरायचे. खांदा मोडलेला, म्हणून दर तिसरं वल्हं उशिरा पडायचं. नऊ वर्षांपूर्वी नाव रिकामी सापडली, ते सापडलेच नाहीत.
"थकून राहिले असतील ते, बेटा," एवढंच म्हणाल्या.

९ नोव्हेंबर
दिवसभर माझ्या टेबलाशी बसून असतात. दोन ठोक्यांमधल्या सेकंदांचा आकडा विचारतात. आज चार सेकंद. ते जास्तच थकलेत असं वाटू नये म्हणून मी खोटंच तीन सांगितलं.

११ नोव्हेंबर
सकाळी त्यांनी स्वतःच पडद्यावर वाचलं. सहा. केस विंचरले, धुतलेलं लुगडं नेसल्या. मला वाटलं बाजारात चालल्या. दुपारी पाहिलं तर काठाला बांधलेली त्यांची जुनी नाव नाही.

१२ नोव्हेंबर
नाव सापडली. रिकामी. मी सांगितलंच कशाला— पहिल्याच दिवशी गप्प बसले असते तर—

१३ नोव्हेंबर
आता दोन वल्ही. एकाआड एक, दीड-दीड सेकंदाने. तिसरं उशिरा पडत नाही. भेटले वाटतं. मी खूप रडले.

१४ नोव्हेंबर, दुपार
ठोके मोठे होऊन राहिले. जवळ येताहेत. मायक्रोफोन काढून टेबलावर ठेवला, कोरडा. तरी टायमर मोजतोच आहे. एक सेकंद. अर्धा—

थांबलं.

अंगणात ओली पावलं वाजली. दोघांची.

दाराबाहेर कलावतीबाईंचाच आवाज. म्हणाल्या, "दार उघड, बेटा. आकडा खोटा काहून सांगितला?"

आवाजात राग नाही. तेच सहन होत नाही. त्यांची माफी मागायची आहे मला— कडी काढते—