मूळ कथेत शिडी आहे

१७ ऑगस्ट
गणेश मंडळाची मीटिंग. सिडकोतल्या आमच्या सोसायटीचा यंदाचा सजीव देखावा 'झंझावीर' कॉमिक्समधला: उडायची शक्ती गेलेला झंझावीर शिडी चढून टाकीवर अडकलेल्या मुलीला खाली आणतो. अध्यक्ष अतुल म्हणे, टीव्हीवरच्या कार्टूनसारखं करू, हिरो दोरीला टांगून उडवू. मी ठणकावलं, मूळ कथेत शिडी आहे, शिडीच हवी. मग अतुल म्हणाला, तर झंझावीर तुम्हीच व्हा, वैजनाथसर. टाळ्या. टाकीवरची मुलगी म्हणजे आमची मनू, इयत्ता चौथी. ती उद्या वर्गात जाहीर करणार आहे की आमचे बाबा कशालाच घाबरत नाहीत. बरोबरच आहे.

२० ऑगस्ट
रोज पन्नास जोर. आज चार. वाळूजला नेणाऱ्या कंपनीच्या बसमुळे पाठ धरली आहे.

२४ ऑगस्ट
मंडपवाल्या कचरूनं टाकी उभी केली. पंधरा फूट. कॉमिकमध्ये एवढी वाटत नाही. तिसऱ्या पायरीवर तळपायांना घाम फुटला. कचरू म्हणाला, लई मजबूत हाय सर, म्हैस चढली तरी हालायची नाय. प्रश्न म्हशीचा नाही, माझ्या ॲसिडिटीचा आहे. उतरलो.

२६ ऑगस्ट
झंझावीरच्या टीव्हीवरच्या तिन्ही मालिका पुन्हा पाहिल्या, जुनी, नवी आणि कार्टून. जुनीत बजेट नव्हतं, त्यामुळे आधी नुसते बूट दिसतात आणि मग हिरो एकदम वरच. किती संयमी दिग्दर्शन. नवीत तर तो खालूनच मुलीला धीर देतो. हे जास्त खोल आहे. कार्टूनलाही आपण उगाच नावं ठेवली. अतुलला फोन केला, दोरीचं बघा. तो म्हणाला, आता कसं जमेल, फ्लेक्सवर शिडीसकट तुमचा फोटो छापून आलाय.

२९ ऑगस्ट
रंगीत तालीम. ताप असल्यानं गेलो नाही. बायकोनं, अंबिकानं, थर्मामीटर लावला. नॉर्मल. थर्मामीटर जुना झालाय. ती म्हणाली, भीती वाटते तर मनूला सांगून टाका की. भीती कसली? पोटात गोळा येतो आणि हात गार पडतात, एवढंच.

१ सप्टेंबर
महालक्ष्म्यांचं जेवण. पुरणपोळ्या पाच. एवढ्या वजनानं शिडीला धोका आहे, हे कचरूच्या कानावर घातलं. तो म्हणाला, म्हशीचं सांगितलं होतं ना सर.
खरं लिहायचं तर शिडीपेक्षा मनूसमोर फजिती होण्याची धास्ती वाटते.

३ सप्टेंबर, सकाळी
आज संध्याकाळी. ठरलं. खाली बघायचं नाही.

४ सप्टेंबर
काल पडदा सरकला तेव्हा मनूचा अख्खा वर्ग पहिल्या रांगेत. वरून मनू 'वाचवा' ओरडली. चार पायऱ्या झपाझप चढलो. पाचवीवर खाली बघितलं. मग शिडीला मिठी मारली ती सुटेचना. वर जाववेना, खाली येववेना. मनू अजून दोनदा ओरडली. मग ती मागच्या बाजूनं आपली आपण उतरली, शिडीखाली आली आणि माझा घोटा धरून एकेक पाय खालच्या पायरीवर ठेवत गेली. हळूच म्हणत होती, बाबा, डोळे मिटा, मी आहे. लोक पोट धरून हसले.
आज ती शाळेतून आली तेव्हा विचारलं, वर्गात काय सांगितलंस? तिनं दप्तर ठेवलं. म्हणाली, सगळे विचारत होते, तुझे बाबा खरंच घाबरले का; खोटं बोलायचं नाही असं तुम्हीच शिकवलंय, म्हणून आज मी कुणाशी बोललेच नाही.