सात नंबरची पांढरी लोकर

४ जानेवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी लिहायची. घडलंच तसं. काल लेकीचा फोन आला, स्पीकर चालू होता आणि पलीकडे विहीणबाईही बसलेल्या. म्हणाल्या, बाळाचे दोन स्वेटर झाले, तिसरा सुईवर आहे. हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की मला झोंबलं. मी म्हणालो, बाळ दवाखान्यातून घरी येईल ते माझ्या हातच्या ब्लँकेटमधून येईल. क्रोशाचं. पांढरंशुभ्र.
पलीकडे विहीणबाई हसल्या. लेक नाही हसली. म्हणाली, खरंच बाबा? मग मी दुसरं घेत नाही हं.
झालं. शब्द देऊन बसलो.
फोन ठेवल्यावर हिने विचारलं, अहो, तुम्हाला क्रोशे येतं? मी म्हणालो, उभा जन्म पंपांच्या जळक्या मोटारी रिवाइंड करण्यात गेला, तांब्याची तार या हातांनी मेणासारखी वळवली. लोकर म्हणजे मऊ तारच की. ही परत भाजी निवडायला लागली. म्हणजे पटलं.
बाळ मार्चअखेर. वेळच वेळ आहे.

४ जानेवारी, संध्याकाळ
नाक्यावरच्या लोकरीच्या दुकानात गेलो. दुकानवाल्या बाईंनी विचारलं, कोणासाठी? म्हटलं, मीच विणणार आहे. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, काका, त्यापेक्षा काकूंना पाठवा ना, त्यांना पटकन कळेल.
आल्या पावली परत. त्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही. शहरात लोकरीचा काय दुष्काळ पडलाय?

६ जानेवारी
अभ्यासाला लागलो. लोकरीला शून्यापासून सातपर्यंत नंबर असतात. वाचून हसूच आलं. हे तर आमचं गेज! तारेचा नंबर जितका मोठा तितकी तार बारीक. पोराटोरांनाही कळेल. बाळाची कातडी नाजूक, तेव्हा सगळ्यांत बारीक हवी. मोबाइलवर सात नंबरची मागवली. घरबसल्या काम.
ही म्हणाली, नाक्यावर मिळते. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

१२ जानेवारी
पार्सल आलं. लोकर माझ्या अंगठ्याएवढी जाड. हिने खोक्यात डोकावून विचारलं, बाळाला गुंडाळायचंय की धक्क्याला होडी बांधायचीय?
उघडच आहे, कंपनीने चुकीचा माल पाठवला. कडक शब्दांत तक्रार केली. उत्तर आलं, सर, आपण मागवलेलाच माल आहे. उर्मटपणा! पुन्हा त्यांच्याकडून घेणार नाही.
हिने ती गॅलरीत बांधली. टॉवेल चांगले वाळतात, एवढं मान्य करतो.

१५ जानेवारी
मोबाइलवर विणणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, त्यात शिरलो. माझा पासवर्ड हरवलाय म्हणून हिच्या खात्यावरून; त्यावर नाव नाही, नुसता मोगऱ्याचा फोटो. सगळे मला ताई म्हणताहेत. उगाच कशाला कोणाला ओशाळं करायचं? राहू दे.
लोकर कुठे मिळते असं विचारलं. ‘चिंगी’ नावाच्या एका बाईंनी लगेच लिहिलं: ताई, लोकरीचा नंबर वाढला की ती जाड होत जाते. बाळासाठी तीन नंबरची बघा. लागेल तेवढी एकदमच घ्या, लेबलवर लॉट नंबर असतो तो सारखा हवा, नाहीतर पांढऱ्यात पांढरा जुळत नाही. आणि जवळच्या दुकानात जा, हातात घ्या, गालाला लावून बघा.
नंबर वाढला की जाड! जगाच्या रीतीच्या उलट चाललाय हा धंदा. बाई मनाने चांगली दिसते, पण व्यवहार कळत नाही. भर दुकानात लोकर गालाला लावायची? या वयात?

२१ जानेवारी
मोठ्या बाजारात जाऊन आलो. घाऊक गल्लीत. तिथले व्यापारी एका गोणीपेक्षा कमी द्यायचं बोलतच नाहीत. मी अशी घासाघीस केली की समोरचा माणूस हात जोडून उभा राहिला. गोणी घेऊनच घरी आलो.
उजेडात बघितलं तर रंग पिवळ्या पडलेल्या जुन्या स्विचबोर्डाचा. दुकानात ट्यूबलाइट होती, त्यात पांढरी दिसली. हिने मनगटावर घासून पाहिली आणि म्हणाली, याने कढई चांगली निघेल.
गोणी पलंगाखाली मावत नाही. आता आम्ही पलंगाखालचं सामान पलंगाशेजारी ठेवतो. माल कधी ना कधी उपयोगी पडेलच.

३० जानेवारी
विजय! तीन वेगवेगळ्या साइटवरून ‘सॉफ्ट बेबी’ लोकर मागवली होती. तुलना करता यावी म्हणून प्रत्येकीकडून थोडीथोडी. सगळी आली. फोटोत गुंडा नारळाएवढा दिसत होता, आला लिंबाएवढा. पण मऊ आहे. एक पांढरी दुधासारखी, एक दातांसारखी, एक जरा निळसर. विणल्यावर एकच दिसेल.
लेबलं फाडून टाकली आणि सगळी लोकर माझ्या वाइंडिंगच्या मशीनवर नव्याने गुंडाळली. काय गुंडे झालेत! घट्ट, गोल, फेऱ्याला फेरा चिकटून. फोटो ग्रुपवर टाकला. बायका वेड्या झाल्या. चिंगीने लिहिलं, ताई, असा गुंडा मी आयुष्यात पाहिला नाही.
मग लेबलांतला लॉट नंबर आठवला. केराची गाडी निघून गेली होती.
विणकाम उद्यापासून.

७ फेब्रुवारी
विणकाम सुरू. साखळी टाका जमला. इतका जमला की थांबवेना, साखळी स्वयंपाकघरापर्यंत गेली. हिचा पाय अडकला.
लेकीचा फोन. बाबा, कुठवर आलं? म्हटलं, पाया घातला. म्हणाली, मी कपाटात त्याची जागा करून ठेवलीय. मग जरा थांबून म्हणाली, बाहुलीच्या घरासारखं नाही ना होणार?
मला राग आला नाही, पण ऐकून बरंही वाटलं नाही. बाहुलीचं घर मी तिला सातव्या वाढदिवसाला देणार होतो, प्रत्येक खोलीत खरा दिवा. ते माळ्यावर आहे. फक्त वायरिंग राहिलंय. आता ती एकतीस वर्षांची आहे. काम बंद पडलं असं कोणी म्हणू नये, जरा लांबलंय एवढंच.
ब्लँकेट वेळेत होणार. होणार म्हणजे होणार.

१४ फेब्रुवारी
चिंगी हल्ली मला स्वतंत्र निरोप पाठवते. मोकळी बाई. आज तिने तिची अडचण सांगितली: आमच्या व्याह्यांनी बाळासाठी ब्लँकेट विणायचं कबूल केलंय. गृहस्थ बोलघेवडे, मनाचे चांगले. पण सुई कुठून धरायची ते ठाऊक असेल असं वाटत नाही. सून बिचारी विश्वासून बसलीय. म्हणून मीच गुपचूप एक करून ठेवतेय.
योगायोग बघा, तिकडेही ब्लँकेटच. यंदा ब्लँकेटांची साथच आलेली दिसते.
मी कळवलं: अगदी योग्य करताय. असली माणसं तोंडाने ब्लँकेट विणतात. सावध राहा. आमच्या नात्यात सुदैवाने असं कोणी नाही.

२४ फेब्रुवारी
ब्लँकेट वर वर अरुंद होत चाललंय. ही म्हणाली, हे असं का होतंय? म्हटलं, डिझाइन.
चिंगीला फोटो पाठवला. तिने लिहिलं: ताई, प्रत्येक ओळीचा कडेचा टाका सुटतोय तुमच्याकडून. ओळ संपली की टाके मोजा. मोजायचं काय त्यात? मोटारीत चारशे फेरे नुसत्या हाताने घातलेत मी.
शिवाय तिन्ही पांढरे तीन पट्ट्यांत वेगळे दिसतात. आणि लोकर संपली. त्यांतल्याच एका साइटवर त्याच नावाची पुन्हा मागवली. आलेली चौथ्याच पांढऱ्यातली.

४ मार्च
काम टेबलावर पसरून ग्रुपवर फोटो टाकला. चिंगीचा लगेच निरोप: ताई, मागे टेबलाला बसवलेला तो लोखंडी व्हाइस आणि तारेची रिळं कोणाची?
क्षणभर गडबडलो. मग लिहिलं, मिस्टरांची. त्यांना मोटारींचं भारी वेड.
आधी नुसतं एक उद्गारचिन्ह आलं. मग हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली तोंडं, ओळभर. त्यात हसण्यासारखं काय होतं कळलं नाही. पण तेव्हापासून बाईचा सूर एकदम मऊ झालाय. लिहिते, ताई, जीवाला लावून घेऊ नका. मोठं नाही झालं तरी चालेल. जेवढं होईल तेवढं घेऊन या.
कुठे घेऊन या? बाईंची लिहिण्यात चूक होते कधीकधी.

१२ मार्च, दुपार
नाक्यावर गेलो. सहज. पाय मोकळे करायला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून आत डोकावलो.
दुकानवाल्या बाईंनी मला बघितलं. खाली वाकून टेबलाखालून एक पिशवी काढली. तीन नंबरची, पांढरी, ब्लँकेटपुरती, सगळी एका लॉटची. म्हणाल्या, काकूंनी जानेवारीतच बाजूला ठेवायला सांगितली होती. म्हणाल्या होत्या, येतील ते.
आजूबाजूला कोणी नाही हे बघून घेतलं आणि एक गुंडा गालाला लावला.
माझ्या एवढ्या अभ्यासाचा निष्कर्षही शेवटी हाच निघत होता. घरी आलो तर हिने पिशवीकडे बघून चहा टाकला.  
जुनं बाजूला. आता नव्याने. दिवस थोडे आहेत, पण आता हात बसलाय.

२४ मार्च
संपलं!
या वेळी टाके मोजायचं ठरवलं होतं, पण मोजायला लागलं की हात थांबतो आणि हात चालला की मोजणं थांबतं. रुंद सुरुवात केली, मग ओळीओळीने ते आपोआप आवरत गेलं आणि आज शेवटच्या ओळीत एकच टाका उरला. पुढे विणायला काही राहिलंच नाही, म्हणजे काम पूर्ण झालं. आकार त्रिकोणी. हिने हातावर पसरून बघितलं. कोपरापर्यंत आलं. म्हणाली, मऊ आहे. एवढंच म्हणाली, पण मनापासून म्हणाली.
चिंगीला कळवलं. तिचा निरोप: शाब्बास ताई! शेवटचा टाका ओढून गाठ मारा आणि टोक आत लपवा, विसरू नका.
हे तिला कोण सांगणार? वाइंडिंगचं टोक नेहमी मोकळं ठेवतात. उद्या पुढे काही जोडायचं झालं तर? वीतभर टोक बाहेर ठेवलं. कारागिरी यालाच म्हणतात.

२७ मार्च
नात झाली. दोघी ठणठणीत.
आज आणखी काही लिहवत नाही.

३० मार्च
आज नातीला घरी आणलं. जसं घडलं तसं लिहितो.
सकाळी दवाखान्याच्या खोलीत सगळे होतो. लेकीने बाळाचे कपडे आवरले आणि माझ्याकडे बघितलं. बाबा, ब्लँकेट? मी पिशवीतून काढलं. पलंगावर पसरल्यावर ते घरी दिसत होतं त्याहून लहान दिसलं. जावई खिडकीबाहेर बघायला लागले. मला काहीतरी सुचायला हवं होतं, एरवी सुचतं. आज नाही सुचलं.
तेवढ्यात विहीणबाईंनी त्यांच्या पिशवीतून एक मोठं पांढरं ब्लँकेट काढलं. चौकोनी, अंगभर. म्हणाल्या, माझ्या या ब्लँकेटला डोक्याशी टोपीच नव्हती, ती भाऊंच्या भरवशावर ठेवली होती. पर्समधून सुई काढली, माझा त्रिकोण कोपऱ्यावर ठेवला आणि दोन बाजूंना टाके घातले. टोपी तयार! मापाला माप. मला विचारलं, भाऊ, शेवट बांधलाय ना? मी म्हणालो, सगळं पक्कं आहे.
नातीला त्यात गुंडाळलं. लेकीने टोपीवरून हात फिरवला. म्हणाली, बाबा, या वेळी पुरं केलंत.
मला दुसरीकडे बघावं लागलं. म्हणालो, मी पुढे जाऊन गाडी दारात आणतो. आणि निघालो.
छाती काढून चाललो होतो. मागून हिची हाक आली, अहो, थांबा! वाटलं, पिशवी घ्या म्हणतेय. पाय उचलले. मग लेक ओरडली, बाबा! मग एक नर्स ओरडली. म्हटलं, आज सगळ्यांनाच माझं कौतुक. फाटकाशी पोचल्यावर मागे वळलो.
माझ्या कमरेच्या किल्ल्यांना एक पांढरा धागा अडकला होता. तो मागे पायऱ्या चढून, खांबाला वळसा घालून, एक पाय वर धरून उभ्या राहिलेल्या नर्सच्या चपलेखालून, थेट माझ्या नातीच्या डोक्यापर्यंत गेला होता. डोक्यावर काही नव्हतं. विहीणबाईंच्या दोन टाक्यांमध्ये तेवढी पहिली साखळी लोंबत होती. नात जांभई देत होती. लेक भिंतीला टेकून इतकी हसत होती की तिला बसवावं लागलं.
मी काय करणार? धागा हातात घेतला आणि गुंडाळत परत निघालो. सवय आहे, हात आपोआप चालतो. खांबाचा वळसा सोडवला, नर्सला पाय खाली ठेवू दिला. त्यांच्यापर्यंत पोचलो तोवर गुंडा पुरा झाला होता. घट्ट, गोल. तो विहीणबाईंच्या हातात दिला. दुसरं देण्यासारखं जवळ काही नव्हतं.
त्यांनी तो फिरवून फिरवून बघितला. मग जवळ येऊन, बाकी कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, गुंडा मात्र नेहमीसारखा सुरेख झालाय हं, ताई. मिस्टरांना सांगा.